कोणाकडची टेप

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू तिच्या मालकाला विचारल्याशिवाय टाकली नाही, आणि एकाही मराठी माणसाला ‘आपण कोणाकडचे?’ असं विचारल्याशिवाय सोडलं नाही. पहिल्या सवयीमुळे त्यांचं कलकत्त्याच्या बेहाला भागातलं घर भरलं आणि दुसरीमुळे आमच्यासारख्या बदलीवर आलेल्या माणसांचे तिथले रिकामे दिवस भरून निघाले. बँकेने माझी तिकडे बदली केली तेव्हा ते आम्हाला न्यायला हावडा स्टेशनवर आले होते. मे महिना, अंगाची काहिली होत होती, आणि मामांच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली माकडटोपी. त्यांच्या ऑफिसात यंत्रासाठी खोली बाराही महिने थंडगार ठेवत, त्यामुळे टोपी लागे आणि बाहेर पडल्यावर ती काढायचं भान राहत नसे. आमच्या लग्नाला त्यांना येता आलं नव्हतं, म्हणून मला त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. सामान खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, “आपण कोणाकडचे?”

“मामा, मी तुमच्या भाचीचा नवरा,” मी म्हटलं.

“ते झालं हो. त्याच्या आधी कोणाकडचे?”

मी गाव सांगितलं, आजोळ सांगितलं, आजोळच्या शेजारचं गाव सांगितलं. प्लॅटफॉर्म रिकामा झाला, हमाल कंटाळून निघून गेला, तेव्हा कुठे माझ्या आत्याच्या जावेची कोणीतरी मामींच्या माहेरी दिल्याचं निघालं आणि मामांचा चेहरा खुलला. मग ते म्हणाले, “चला. आधी चहा खाणार की घरी जाऊन?” तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या त्या घरात चहा खात, पाणी खात आणि सिगारेटही खात. बंगाली माणसं असंच म्हणतात, आणि मामांच्या मराठीत ते कधी येऊन बसलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमची मराठी ऐकून ते मात्र कौतुकाने म्हणायचे, “तुमची कशी इस्त्रीची आहे.”

त्यांच्या घरात बरण्यांशिवाय झाकणं होती, झाकणांशिवाय बरण्या होत्या, आणि दोन्ही एकमेकांना बसत नव्हती. भाडेकरू सोडून गेला की त्याच्या खिळ्याला अडकलेलं कॅलेंडरसुद्धा मामा जपून ठेवत, कारण ‘त्याला हवं असेल तर?’ मामी म्हणायच्या, “यांना माझ्याऐवजी गोदामाशीच लग्न करून द्यायला हवं होतं.” या सवयीचा कळस म्हणजे ती छत्री. कोणीतरी पाहुणा ती त्यांच्याकडे विसरला. पुढे महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मामा ती घेऊन जात आणि नाटकाच्या मध्यंतरात रंगमंचाच्या कडेला उभे राहून उंच धरत. मालक काही सापडला नाही, पण नवी माणसं तिलाही नाटकातलंच सामान समजू लागली. भर आषाढात मी स्वतः मामांना ट्रामच्या थांब्यावर नखशिखांत भिजलेलं पाहिलं आहे. ती छत्री त्यांच्या बगलेत होती, मिटलेली. “उघडा की,” मी म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी शेजाऱ्याच्या ताटातली पोळी उचला म्हणालो. “अहो, दुसऱ्याची आहे,” ते म्हणाले आणि भिजत राहिले.

असा माणूस पोटासाठी काय काम करत असेल? मामा एका सरकारी कंपनीच्या संगणक विभागात होते आणि तिथे त्यांच्याकडे टेपा पुसायचं काम होतं. तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर कपाटं असत. मामांनी मला ती खोली एकदा, बूट बाहेर काढायला लावून, देवघर दाखवावं तशी दाखवली. भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर थाळीएवढ्या चकत्यांना गुंडाळलेल्या टेपा, आणि त्या टेपांत अख्ख्या कंपनीचा हिशेब. टेपा परदेशातून येत आणि मागून मिळत नसत, म्हणून जुना मजकूर पुसून त्याच पुन्हा वापरायच्या. हे पुसणारा प्रोग्राम यंत्राबरोबरच आला होता. तो प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला असलेली तिची ओळख वाचे, म्हणजे तिचं नाव आणि ती कधीपर्यंत ठेवायची ती तारीख. तारीख उलटली असेल तर पुसे, नसेल तर हात लावत नसे. इथवर सगळं शहाण्यासारखं होतं. पण दुसऱ्या जातीच्या यंत्रावर भरलेली टेप समोर आली की तिची ओळख त्याला वाचताच येत नसे, आणि वाचता येत नाही त्या अर्थी कोरीच असणार असं ठरवून तो ती बिनदिक्कत साफ करून टाके. एका दुसऱ्या कचेरीची टेप अशी गेली तेव्हा मामा दोन वेळा जेवले नाहीत.

“आपल्याला वाचता येत नाही म्हणजे काही लिहिलेलंच नाही?” ते मला तावातावाने विचारत होते, जणू तो प्रोग्राम मीच लिहिला होता. “मला तमिळ येत नाही. म्हणून मी मद्रासेत जाऊन सगळ्या पाट्या पुसत सुटू?”

हा राग नुसता तत्त्वाचा राहिला नाही, कारण त्याच सुमारास त्यांच्या ऑफिसात एक डॉक्टरीणबाई आल्या. बंगाली, तरुण, खांद्याला झोळी आणि झोळीत तीन टेपा. शहराच्या कडेला सॉल्ट लेकच्या मोकळ्या रानात सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या होत्या तेव्हा या बाईंनी तिथल्या मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर असं सगळं महिनोन्‌महिने मोजून ठेवलं होतं. कुठल्या मुलाला काय खायला मिळालं आणि त्याने अंग कसं धरलं, हे त्यातून कळणार होतं. एका संस्थेच्या यंत्रावर त्यांनी ते टेपांत भरून घेतलं, आणि मग ते यंत्रच संस्थेने दुसऱ्या गावी पाठवून दिलं. मूळ कार्डं ओलीने आणि वाळवीने खाल्ली होती. मुलं परत आपापल्या गावी गेली होती, ती काही पुन्हा मोजता येणार नव्हती. उरल्या होत्या या तीन टेपा, आणि कलकत्त्यात त्या वाचणारं कोणी त्यांना सापडत नव्हतं. घरी उंदीर, दमट हवा, म्हणून निदान थंड खोलीत ठेवायला जागा द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मामांना तसा काडीचाही अधिकार नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली आणि बंगालीत म्हणाले, “ठेवून जा, मां.”

ठेवून घेतल्या खऱ्या, पण त्या आता त्याच पुसणाऱ्याच्या दारात येऊन पडल्या होत्या. तेव्हा मामांनी प्रोग्रामलाच वळण लावायचं ठरवलं. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यात एक सोय ठेवली होती. ज्याला आपल्या पद्धतीप्रमाणे काही वेगळं करून हवं असेल त्याने आपला छोटा तुकडा लिहून ठरलेल्या जागी जोडावा. पुसायच्या आधी प्रोग्राम त्या तुकड्याकडे जाई आणि त्याचं ऐकून मग पुढे सरके. ही सोय कोणी वापरत नसे. मामांनी ती वापरली, आणि तुकडा लिहिण्याआधी त्याची तालीम आमच्या घरी केली. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी यंत्र झालो, माझी बायको अनोळखी टेप झाली आणि मामी ऑपरेटर.

“हं, आता टेप आली. ओळखता येत नाही. पुसू नका. विचारा.”

“काय विचारू?” मी म्हटलं.

“काय म्हणजे? आपण काय विचारतो?”

मग मी माझ्या लग्नाच्या बायकोकडे बोट करून विचारलं, “कोणाकडची?” ती म्हणाली, “हे लग्नाआधी विचारायचं असतं.” मामांनी तिला गप्प केलं. टेपेने बोलायचं नाही, उत्तर ऑपरेटरने द्यायचं. उत्तरं तीन. ‘आमची’ म्हटलं की यंत्राने म्हणायचं, ‘मग ठेवा.’ ‘माहीत नाही’ म्हटलं तरीही ‘मग ठेवा,’ पण पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचं. आणि ‘कोणाचीच नाही’ असं उत्तर आलं तरच पुसायचं, तेही आणखी एकदा ‘मोठ्यांना विचारलंत?’ असं विचारून.

“असं विचारल्यावर पुसेल कोण?” मामी म्हणाल्या.

“तेच तर,” मामा म्हणाले आणि समाधानाने पाणी खाल्लं.

पुढे तुकडा जोडला, चालवला, चालला. फक्त एक गोष्ट राहिली. चाचणीच्या वेळी मामा स्वतःशी बोलतात ते मराठीत, त्यामुळे यंत्राचे प्रश्नही त्यांनी मराठीतच घातले होते, नंतर इंग्रजी करू म्हणून. ते करायचं विसरले. त्या खोलीतलं, यंत्राला जोडलेलं टंकयंत्र आता इंग्रजी अक्षरांत खडखडून ‘कोणाकडची?’ असं विचारू लागलं, आणि आजूबाजूला सगळे बंगाली ऑपरेटर. पण बंगाली माणसाला नवा शब्द मिळाला की तो त्याचा रसगुल्ला करून ठेवतो. त्यांना तो एखादा तांत्रिक शब्द वाटला. आठवड्याभरात परक्या जातीच्या टेपेला तिथे ‘कोणाकडची टेप’ हेच नाव पडलं. “दादा, आज दुटो कोणाकडची एशेछे,” असं एक ऑपरेटर मामांना माझ्यादेखत म्हणाला, आणि दोन परक्या टेपा आल्याचं मलाही कळलं.

खरी अडचण निराळीच झाली. कंपनीने काही वर्षांपूर्वी यंत्र बदललं होतं, आणि त्याआधीच्या तिच्या स्वतःच्या टेपांनाही या प्रोग्रामच्या हिशेबी ओळख नव्हती, हे मामांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यामुळे यंत्र घरच्यांनाही ‘कोणाकडची?’ विचारू लागलं. सासुरवाशिणीला तिच्याच माहेरच्या दारात अडवावं, तशातला प्रकार. ऑपरेटर सावध माणसं, ते ठोकून ‘माहीत नाही’ म्हणत. यंत्र म्हणे, मग ठेवा. मांडण्या भरल्या, कोऱ्या टेपा संपल्या, आणि पगाराच्या कामाला टेप मिळेना तेव्हा मोठे साहेब खाली उतरले. हे साहेब बंगाली, रागीट, आणि मामांच्या टोपीवर त्यांचा आधीपासून राग. त्यांनी ऑपरेटरला उठवलं, स्वतः टंकयंत्रापुढे बसले आणि सगळ्यांत वरची टेप चढवायला सांगितली. ती डॉक्टरीणबाईंची होती. यंत्राने प्रश्न केला. साहेबांनी मामांना विचारलं, हे कुठल्या भाषेत बरळतंय आणि पुसण्यासाठी काय उत्तर द्यायचं?

मामांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी पुसण्याचं उत्तर सांगून टाकलं. साहेबांनी ते टंकलं. यंत्राने विचारलं, ‘मोठ्यांना विचारलंत?’ साहेबांनी त्याचाही अर्थ विचारला, मामांनी तोही सांगितला, आणि साहेबांचा हात थांबला. मग त्यांनी पहिल्या प्रश्नाचा नीट अर्थ विचारला. मामा बंगालीत म्हणाले, “आमच्यात ओळख काढताना विचारतात. तुमच्यात नाही का विचारत, आपनादेर देश कोथाय?”

तुमचा देश कुठला, म्हणजे मूळ गाव कुठलं. साहेबांचं गाव पूर्वेकडचं, सीमेपलीकडे गेलेलं. ते गाव आता परक्या मुलखात होतं आणि घर कोणाच्या ताब्यात होतं कोण जाणे. आयुष्यभर कलकत्त्यात त्यांना हा प्रश्न कधी प्रेमाने तर कधी नाक मुरडून विचारला गेला असणार. मामा मला सांगत होते की साहेब टंकयंत्राकडे बघत म्हणाले, “आता यंत्रही हे विचारायला लागलं?” रागावले नाहीत. टेप उतरवायला सांगितली. पण कंपनी काही धर्मशाळा नव्हे, तेव्हा दुर्गापूजेपर्यंत मुदत. घरच्या टेपा मामांनी ओळखून वेगळ्या काढाव्यात. परक्यांचे मालक येऊन त्या वाचून, उतरवून घेऊन जातील तर ठीक, नाहीतर पूजेची सुट्टी संपली की सरसकट पुसायच्या. ज्या कोणालाच वाचता येत नाहीत त्या ठेवून उपयोग काय, हे साहेबांचं म्हणणं मामांनाही खोडता येईना.

घरच्या टेपा निवडून झाल्या. इतर परक्यांचे मालक मामांनी पायपीट करून शोधले आणि ते आपापल्या टेपा घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या तीन मात्र तशाच राहिल्या. बाई रोज संध्याकाळी येऊन मांडणीसमोर उभ्या राहत, आणि मामा त्यांना पाहून उगाच दुसऱ्या मांडणीवरची धूळ झटकत. अशात गणपती आले. मंडळाच्या आरतीला एक नवा चेहरा दिसला, नुकताच बदलून आलेला. तो बिचारा मोदकाला हात घालणार एवढ्यात मामा त्याच्यापुढे उभे राहिले.

“आपण कोणाकडचे?”

“मिरजेकडचा,” तो म्हणाला.

मिरजेवरून मामा त्याच्या सासुरवाडीला गेले, सासुरवाडीहून साडूकडे, साडूवरून त्याच्या नोकरीकडे. आम्ही बाजूला उभे राहून मान हलवत होतो, आज याचा मोदक थंड होणार म्हणून. नोकरी सियालदहजवळच्या एका कचेरीत होती. तिथे काय करता? संगणक बघतो. कुठल्या जातीचा? त्याने सांगितलं, आणि मामांच्या हातातली प्रसादाची पुडी खाली पडली. बाईंच्या टेपा ज्या जातीच्या यंत्रावर भरल्या होत्या, नेमकी तीच जात. चार मराठी माणसं भेटली की पहिला अर्धा तास वाया जातो, असं मी तोवर समजत होतो. तेव्हापासून तसं म्हणायची माझी हिंमत झालेली नाही.

टेपा न्यायच्या त्या दुपारी मला बँकेला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो. ट्रामच्या मोटारीत चुंबक असतं आणि टेपेला चुंबक म्हणजे विष, या भीतीने मामांनी ट्रामला साफ नकार दिला. टॅक्सीलाही मोटार असतेच म्हणून तीही नको. तेव्हा त्यांच्या ऑफिसपासून सियालदहपर्यंत आम्ही चालत निघालो. पुढे मामा, पोटाशी पिशवी धरून, मागे बाई आणि मी. अर्ध्या वाटेत भाद्रपदातली सर आली. आडोशाला गर्दी, पिशवी कापडी. मामा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी बगलेतली ती छत्री काढली आणि उघडली. इतक्या वर्षांनी तिला उघडताना करकर आवाज झाला. त्यांनी ती पिशवीवर धरली. स्वतः मात्र तिच्याबाहेर राहून भिजत होते.

“दुसऱ्याची छत्री दुसऱ्याच्या टेपेवर धरायला हरकत नाही,” ते मला म्हणाले. “दोघीही एकाच घरच्या.”

तिथल्या यंत्राने दोन टेपा गडगडत वाचल्या. तिसरी मध्येच एका ठिकाणी अडली, तेवढा भाग गेला, पण पुढचा मिळाला. छपाईयंत्रातून पहिला लांब कागद बाहेर आला तेव्हा बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. कितीतरी आकडे, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक नाव. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं आणि बंगालीत म्हणाल्या, “ही वजनकाट्यावर बसायला फार रडायची. दोन महिन्यांत केवढी भरली, बघा.” आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. मिरजेचा तो गृहस्थ गोंधळून चहा मागवायला गेला. मामांनी माकडटोपी काढून पिळली. मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी बायकोपुढे तो कित्येक दिवस मिरवत होतो, जसे काही ते माझेच सख्खे मामा.

सगळं नव्या टेपांत उतरून झालं तेव्हा पूजा अजून पुढे होती. साहेबांनी मामांचा तुकडा काढून टाकायला सांगितला नाही. फक्त घरच्या टेपांना तो प्रश्न विचारू नये एवढी दुरुस्ती करवली, आणि मराठी प्रश्न तसेच राहू दिले. ऑपरेटरांना आता त्यांची सवय झाली होती.

मामांना ही खोड कशापायी लागली, ते मला मामींनी नंतर एकदा भाजी निवडताना सांगितलं. लग्नानंतर मामा त्यांना घेऊन मुद्दाम रत्नागिरीकडच्या आपल्या मूळ गावी गेले होते. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले ते परत गेलेच नव्हते. गावात यांनी घरोघर नाव सांगितलं. यांची मराठी ऐकून पोरं हसली. शेवटी देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाने खूप आठवून पाहिलं आणि म्हणाला, “तुमचं इथे कोणी नाही.” वाईट बुद्धीने नव्हे, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच दिवशी मामा परत निघाले. “आणि आल्यापासून,” मामी म्हणाल्या, “दिसेल त्याला विचारत सुटले.” मामींनी देठ मोडले आणि ते फेकायच्या आधी, सवयीने, मामांसाठी बाजूला ठेवले.

पुढे माझी बदली झाली. कलकत्त्यातला आमचा तो शेवटचा गणपती. मामा निवृत्तीला आले होते, टोपीची लोकर विटली होती, छत्री हातात होती. डॉक्टरीणबाईंचं काम छापून आलं होतं आणि छावणीतल्या मुलांसाठी त्यांनी सुचवलेला खाऊ आता बऱ्याच ठिकाणी देत होते, हे मामा प्रत्येकाला सांगत फिरत होते. त्या गर्दीत नव्याने आलेला एक तरुण अधिकारी त्यांच्याशी बोलू लागला. मामा त्याला म्हणाले, “बसा, पाणी खाणार?” तो चमकला. मग पुण्याच्या मोकळेपणाने हसून म्हणाला, “तुमची मराठी जरा वेगळी आहे. आपण कोणाकडचे?”

जन्मभर जगाला तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी प्रथमच तो विचारलेला ऐकला. रत्नागिरीकडचं ते नाव मामांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलेलं मला दिसलं. त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली, आणि मला वाटतं, ते ‘माहीत नाही’ म्हणणार होते.

“आमच्याकडचे,” मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी उगाच सारखी केली. आणि खाली बघत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, “मग ठेवा.”